मला कर भरू द्या

कर खात्यातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "आनंदाची बातमी आहे, लायनेल. या कमाईवर तुम्हाला एक सेंटही भरायचा नाही."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मटकन बसलो. माझा चेहरा बघून लिंडल, म्हणजे माझी बायको, हातातला कप तसाच टाकून धावत आली. तिला वाटलं, डॉक्टरांचा फोन होता.

"काय म्हणाले?"

"छंद आहे म्हणाले," मी सांगितलं.

तिने सुटकेचा नि:श्वास सोडला आणि परत आपला चहा घेतला. पस्तीस वर्षं संसार केला तरी माणूस शेवटी एकटाच असतो, हे मला त्या क्षणी पटलं.

आमच्याकडे कुणी घरबसल्या चार पैसे मिळवायला लागला की सरकार एकच प्रश्न विचारतं: हा तुमचा धंदा की छंद? धंदा असेल तर कर भरा. छंद असेल तर खुशाल खेळत बसा, आमचं काही म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियातलं आमचं अख्खं बॅलरॅट गाव या प्रश्नाला 'छंद' असं उत्तर देऊन मोकळं झालेलं आहे. आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या बाई दर रविवारी बाजारात दोन टेबलं मांडून मुरंबा विकतात, हाताखाली दोन बायका आहेत, आणि हा सगळा त्यांचा छंद आहे. अशा गावात मी एकटाच असा निघालो, की ज्याला फुकटात सोडून दिलं तर झोंबलं.

मी भाषणं लिहितो. एका वेबसाइटवर लोक येतात, कुणाला मित्राच्या लग्नात बोलायचं असतं, कुणाला निवृत्त साहेबाबद्दल चांगलं बोलायचं असतं आणि काही सुचत नसतं, कुणाचे काका वारलेले असतात. ते माहिती देतात, मी भाषण देतो. तिथे माझं नाव 'मिस्टर क्विल'. तशी लेखनाची सवय मला जुनी. मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पाट्या लिहिण्याच्या खात्यात आहे. 'पायऱ्या निसरड्या आहेत' हे माझंच. 'तळ्यातल्या हंसांना पाव घालू नये' हेही माझंच, आणि ते या गावात जितकं वाचलं गेलंय तितकं दुसरं काही वाचलं गेलं नसेल. तर या कौन्सिलने काटकसर म्हणून मला आठवड्यातून तीन दिवसांवर आणलं. गुरुवार आणि शुक्रवार मोकळे झाले, आणि त्या दोन दिवसांत मी भाषणं लिहू लागलो.

निदान लिहायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात गुरुवार-शुक्रवार माझे कधी राहिलेच नाहीत. लायनेल घरीच असतो ना, मग त्याला सांगा. रॉइसच्या कुत्र्याला इंजेक्शन द्यायचंय, लायनेल नेईल. रॉइसचा फ्रीज यायचाय, लायनेल थांबेल. सासूबाईंना, एनिडना, पायाच्या डॉक्टरकडे न्यायचंय, लायनेल आहेच. हा रॉइस म्हणजे लिंडलचा धाकटा भाऊ, प्लंबर. त्याच्या दोन गाड्या आहेत आणि दोन्हींच्या दारांवर त्याचं नाव हातभर अक्षरांत रंगवलंय. दर रविवारी आम्ही सगळे एनिडकडे जेवायला जमतो. भाजलेलं मटण ताटात पडलं की रॉइस माझ्याकडे वळतो आणि विचारतो, "मग लायनेल, छंद काय म्हणतो?"

दर वेळी काय बोलायचं? मी बटाटे मागतो.

म्हणूनच त्या वेबसाइटवरून जेव्हा पत्र आलं, की तुमच्या कमाईची माहिती नियमाप्रमाणे कर खात्याला कळवली आहे, तेव्हा दुसरा कुणी वकील शोधत सुटला असता. मला मात्र गहिवरून आलं. सरकारला माझं नाव कळलं होतं! आता कर लागणार, कर लागला की तो धंदा ठरणार, आणि धंदा ठरला की गुरुवार-शुक्रवार माझे. याच उत्साहात मी हात दाखवून अवलक्षण केलं आणि स्वत: कर खात्याला फोन लावला. पुढचं वर सांगितलंच आहे.

शेजारच्या अ‍ॅथलला मी कुंपणावरून ही हकिकत सांगितली. अ‍ॅथल आयुष्यभर ट्रक चालवून आता गुलाब लावतो, आणि कर या विषयावर त्याची मतं फार ठाम आहेत. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ते घेत नाहीत, आणि तू देतोयस?"

"हो."

"डोक्यावर पडलायस काय रे?"

पण माणूस मनाचा चांगला. थोडा वेळ गुलाब छाटून तो म्हणाला की धंदेवाल्याची खूण म्हणजे कुरकुर. खरा धंदेवाला सकाळी उठल्यापासून सरकारच्या, गिऱ्हाइकाच्या आणि पेट्रोलच्या नावाने बोटं मोडतो. तू खुशीत असतोस, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मी आठवडाभर कुरकुरायचा सराव केला. लिंडलने तिसऱ्या दिवशी मला बद्धकोष्ठाचं औषध आणून दिलं.

मग मी रीतसर अकाउंटंट गाठली. डेस्पिना कालोगेरास ही बाई अर्ध्या गावाचे हिशेब बघते. तिने सांगितलं की धंदा व्हायचा असेल तर चार गोष्टी लागतात: नफ्याचा हेतू, नियमित काम, लिहिलेला हिशेब आणि सरकारकडून मिळणारा धंद्याचा अकरा आकडी नंबर. यातला नंबर मिळवणं सगळ्यात सोपं, घरी बसून अर्ज करता येतो.

अर्ज करताना एका ठिकाणी विचारलं होतं, मुख्य व्यवसाय कोणता? खाली यादी होती. मेंढ्यांची लोकर कातरणे होतं, शिंपल्यांची शेती होती, फुगे होते. दुसऱ्यांसाठी भाषणं लिहिणे नव्हतं. मी ती यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि विचार केला, माझी सर्वांत चांगली भाषणं कुठली? मृत्यूनंतरची. लग्नातली माणसं प्यालेली असतात, त्यांना काय कळतंय? तेव्हा मी प्रामाणिकपणे 'अंत्यविधी व तत्सम सेवा' यावर बोट ठेवलं.

कुणाकडून कुठे कळलं देव जाणे, पण दहा-बारा दिवसांत काळ्या सुटातला एक अतिशय सभ्य गृहस्थ लांबलचक गाडी घेऊन आमच्या दारात हजर झाला. तो शवपेट्यांचा विक्रेता होता. मी घरात कोट शोधतोय तोवर त्याने गाडीचं मागचं दार उघडून नमुन्याची पेटी अंगणात काढलीसुद्धा. अक्रोडाची होती, पितळी मुठींची. मी बाहेर येऊन त्याला समजावलं की मी फक्त शब्द पुरवतो, लाकूड नाही. तो म्हणाला, हरकत नाही, आणि जाताना माझ्या खांद्यावर फार हळुवार हात ठेवून गेला. धंद्याची सवय.

हे सगळं अ‍ॅथलने गुलाबांमागून बघितलं. पेटी, काळा सूट, खांद्यावरचा हात. आणि आमच्या कुटुंबात नव्वदीला टेकलेली बाई एकच, एनिड.

आमच्या गावात कुणी गेलं की लोक फार बोलत नाहीत. भांड्यात काहीतरी शिजवून दारात आणून ठेवतात. संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर झाकणवाल्या भांड्यांची रांग लागली. मटण-बटाटा, चिकन-भात, मॅकरोनी, नारळाच्या किसात घोळवलेले लॅमिंग्टन केक. मी आणि लिंडल घरात नव्हतो. घरात होत्या एनिड. त्यांना मी पायाच्या डॉक्टरकडून परत आणून आमच्याकडे सोडलं होतं आणि रॉइसच्या कुत्र्याला घेऊन पुढे गेलो होतो. मुरंब्याच्या छंदवाल्या बाई मोठं भांडं घेऊन आल्या तेव्हा दार एनिडनीच उघडलं.

"कोण गेलं?" एनिडनी विचारलं.

बाईंनी भांडं छातीशी धरलं. "आम्हाला वाटलं... तुम्हीच."

"अजून नाही," एनिड म्हणाल्या. "पण आत आणा, गार होईल."

पुढचा पंधरवडा आम्ही एनिडच्या निधनाचं जेवण जेवलो. स्वत: एनिड दोनदा वाढून घेत आणि यातलं कुणाचं मीठ कमी आहे हे नावानिशी सांगत. रविवारी रॉइसने मात्र टेबलावर हात आपटून निकाल दिला. "छंदापायी माझ्या आईला मारलंस तू," तो म्हणाला. मी बटाटे मागितले.

तोवर जून उजाडला होता. आमचं आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं, आणि जूनभर प्रत्येक दुकान ओरडत असतं की घ्या, घ्या, खर्चात दाखवा. मी विचार केला, धंदा म्हटलं की थाट हवा. टेबल घेतलं. पाठ न दुखण्याची हमी असलेली खुर्ची घेतली. जूनमध्ये आमच्याकडे हिवाळा, सकाळी गवतावर बर्फ असतं, तेव्हा मागच्या शेडमध्ये लावायला हीटर घेतला. हीटरने शेडचा फ्यूज उडवला, म्हणून इलेक्ट्रिशियन आणला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ही तारच मुळात बेकायदा आहे, कुणी टाकली? रॉइसने टाकली होती. नवी तार टाकली. दारावर लावायला 'कार्यालय' अशी पाटी केली आणि ती मात्र स्वत: लिहिली, तेवढीच बचत.

सगळ्या पावत्या घेऊन मी छाती काढून डेस्पिनाकडे गेलो. तिने त्या बघितल्या, चष्मा काढला आणि कपाळ चोळलं.

"लायनेल, तुम्ही धंदा करत नाही आहात. खरेदी करताय."

मुद्दा असा निघाला, की माझा खर्च कमाईच्या पुढे गेला होता. म्हणजे तोटा. तोट्यावर कर नाही. आणि माणूस स्वखुशीने तोटा करायला लागला की खातं म्हणतं, हा तर छंद दिसतोय. म्हणजे मी धंदेवाला दिसावं म्हणून जितके पैसे ओतत होतो, तितका छंदिष्ट ठरत होतो. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच.

"मग आता?"

"महिनाअखेरपर्यंत कमवा," डेस्पिना म्हणाली. "आणि कृपा करून दुकानात जाऊ नका."

त्या तीन आठवड्यांत मी जे काही लिहिलं त्याला तोड नाही. निवृत्त होणाऱ्या क्रिकेट पंचासाठी लिहिलं. शर्यतीच्या कबुतराचं मृत्यूनंतरचं भाषण लिहिलं, ते लिहिताना मला खरोखर रडू आलं. एका लग्नात मुलीच्या बापाचं आणि नवऱ्याच्या मित्राचं अशी दोन्ही भाषणं माझ्याकडेच आली. हे मला कळलं तोवर उशीर झाला होता, आणि दोघांनी उंटावरून पडण्याचा एकच किस्सा सांगितला. पाहुण्यांना वाटलं, नवरा दोनदा पडला.

आणि मग ती ऑर्डर आली. 'आईचा नव्वदावा वाढदिवस, जूनचा शेवटचा शनिवार, बोल्स खेळाच्या क्लबचा हॉल. आई कडक पण प्रेमळ. पाचेक मिनिटं पुरे. एक जावई आहे, घरीच असतो, काहीतरी टाइप करत बसतो. त्याच्यावर दोन-तीन कडक विनोद हवेत. त्याला राग येत नाही.'

मी ते तीनदा वाचलं. मिस्टर क्विल म्हणजे मीच, हे रॉइसला ठाऊक नव्हतं. विनोदांचं इतकं वाटलं नाही. 'त्याला राग येत नाही' हे वाक्य काळजात घुसलं. इतकी वर्षं मी बटाटे मागत होतो, त्याचा या माणसाने हा अर्थ काढला होता.

लिंडलने खांद्यावरून वाचलं. "नाही म्हण," ती म्हणाली.

"धंदेवाला नाही म्हणत नाही," मी म्हणालो. मी घाईचा आकार लावला, विनोदांचा वेगळा लावला, आणि नातेवाइकांवरच्या विनोदांचा त्याहून वेगळा. रॉइसने एका मिनिटात होकार दिला. हा माणूस नळाच्या वॉशरसाठी घासाघीस करतो; माझी टिंगल मात्र त्याने मागाल त्या भावाने घेतली.

माहिती पुरेशी नव्हती म्हणून मिस्टर क्विलने विचारणा केली: वडील गेले तेव्हा आईने घर कसं सावरलं? उत्तर आलं: 'मी दोन वर्षांचा होतो, आठवत नाही. काहीतरी चांगलं टाका.' मग मी जे मला ठाऊक होतं ते टाकलं. लिंडलने लग्नाच्या आधी एकदा मला सांगितलं होतं ते. आणि माझ्यावरचे विनोद लिहिले. लिंडलला वाचून दाखवले तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि वर म्हणाली, "हे अगदी खरं आहे रे." घरचा आहेर.

शनिवारी हॉल भरला होता. सॉसेज रोल होते, मलईच्या पाव्हलोवा केकचा डोंगर होता, एनिड जांभळ्या टोपीत. रॉइसने दोन बिल्डरांनाही बोलावलं होतं, कामाच्या ओळखीसाठी. तो कागद घेऊन उभा राहिला.

"माझा मेहुणा लायनेल पाट्या लिहितो," तो वाचू लागला. "'पुढे रस्ता बंद आहे' ही पाटी त्याचीच. सगळ्या गावाने वाचली. वाचायचा राहिला फक्त लायनेल."

हॉल कोसळला. अ‍ॅथल टेबल बडवत होता. बिल्डर मागे वळून मला शोधत होते.

"लग्नाआधी लिंडलने त्याला विचारलं होतं, तू नक्की करतोस काय? अजून उत्तराचा मसुदा चालू आहे."

पुन्हा तेच. माझे कान तापले होते, मान खाली होती, आणि कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण आतून मी उड्या मारत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं लिखाण भरल्या हॉलमध्ये ऐकत होतो. रॉइस थांबायच्या जागी थांबत नव्हता हे एक सोडलं, तर मला काही कमी नव्हतं. लोक मला हसत होते आणि मी मनात म्हणत होतो, हसा लेको, पुढचा याहून चांगला आहे.

मग रॉइस शेवटाकडे आला. "बाबा गेले तेव्हा आईने आम्हाला रडायला पूर्ण रविवार दिला. सोमवारी सकाळी डबे भरून शाळेत पाठवलं. आम्हाला वाटायचं, आई रडली नाही. फार उशिरा कळलं, की आम्ही गेल्यावर तिने दार लावून घेतलं होतं."

एनिडनी टोपी काढून मांडीवर ठेवली. लोक रॉइसला मिठ्या मारायला धावले. मला हेवा वाटला, चांगलाच वाटला. मी बाहेर जाऊन थंडीत उभा राहिलो.

सोमवारी, आर्थिक वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, मिस्टर क्विलला निरोप आला: 'भाषण जोरात झालं. बिल्डर होते म्हणून धंद्याच्या खर्चात लावतोय. नंबरासकट पक्कं बिल पाठवा.' पक्क्या बिलावर खरं नाव लागतं. मी कितीतरी वेळ बटणावर बोट धरून बसलो. शेवटी लिंडल म्हणाली, "पाठव रे. नंबर कशासाठी काढलास?" मी पाठवलं आणि हिशेब डेस्पिनाला कळवला. तिचा लगेच फोन आला. या एका कामाने मी तोट्यातून निसटून नफ्यात आलो होतो.

"कर लागेल," ती म्हणाली. "फार नाही. दोन खिमा-पॅटिस येतील तेवढा."

"पण नक्की लागेल ना?"

"लायनेल, या खुर्चीत बसून मला हा प्रश्न अशा आवाजात कुणी विचारलेला नाही."

रविवारी एनिडकडे रॉइस उशिरा आला. ताट वाढलं, मटण आलं, आणि त्याने मला काही विचारलं नाही. मटण नुसतं कापत बसला बिचारा. शेवटी तो हळूच माझ्याकडे झुकला.

"त्या बिलावरचा नंबर खरा आहे ना?"

"छंद आहे रे माझा," मी म्हणालो. "छंदवाल्याचं बिल तुझ्या खर्चात कसं चालेल?" हे कायद्याने खरं की खोटं मला ठाऊक नव्हतं. पण तो प्लंबर होता, त्यालाही ठाऊक नव्हतं.

रॉइसने सुरी खाली ठेवली. एका बाजूला त्याची अब्रू होती आणि दुसऱ्या बाजूला खर्चात लागणारं बिल, आणि या देशात असल्या वजनकाट्यात काय जड भरतं ते लहान पोरही सांगेल.

"छंद कसला," तो ताटाकडे बघत पुटपुटला. "धंदा आहे तुझा."

"आईला ऐकू गेलं नाही," लिंडल म्हणाली.

"लायनेलचा धंदा आहे, आई. भाषणं लिहितो. पैसे घेतो." मग त्याला राहवेना. "भरपूर घेतो."

एनिडनी तोंड पुसलं. "ते मला हॉलमध्येच कळलं. त्या सोमवारी तू दोन वर्षांचा होतास, रॉइस. तुला कुठला डबा? डबा लिंडलचा होता. आणि ती हे एकाच माणसाला सांगेल."

लिंडलने टेबलाखाली माझा हात धरला.

"आता गुरुवारी मला पायाच्या डॉक्टरकडे तू ने," एनिड रॉइसला म्हणाल्या.

"गुरुवारी? आई, मला कामं असतात."

"त्यालाही असतात," एनिड म्हणाल्या, आणि मी न मागता माझ्या ताटात बटाटे वाढले.